त्याग नको, पद हवे!



मागील महिन्यात एका सायंकाळी आमच्या कचेरीत एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. गृहस्थ एका नगरपरिषदेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेऊन पुरती चार वर्षेही झालेली नाहीत. मुलगी डॉक्टर. केवळ एम. बी. बी. एस. नव्हे; त्यानंतर तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून रुग्णालयात राबून तिने कुटुंबवैद्यक या विषयातील डी. एन. बी. ही पदव्युत्तर पात्रता संपादन केलेली. तिने टेबलावर एक करारपत्र ठेवले आणि म्हणाली, “काका, सही करण्यापूर्वी तुम्ही एकदा नजर घाला.”

आम्ही नजर घातली. हुद्दा, वैद्यकीय अधिकारी. आवश्यक पात्रता, एम. बी. बी. एस. मुदत, अकरा महिने. वेतन, एकत्रित मानधन. रजेविषयी दोन ओळी. कामावरून कमी करण्याविषयी अकरा ओळी. शेवटी, या नेमणुकीमुळे कायम नोकरीचा कोणताही हक्क उत्पन्न होणार नाही, असे उमेदवाराकडून लिहून घेतलेले. आमचे वाचन संपल्यावर मुलीने एकच प्रश्न विचारला, “काका, यात माझी तीन वर्षे कुठे आहेत?”

वीस वर्षे वकिली केल्यावर प्रश्नाला उत्तर देण्याची जिभेला सवय होते. या प्रश्नाला मात्र आम्हास उत्तर देता आले नाही. ती तीन वर्षे त्या कागदात कोठेच नव्हती. आणि केवळ त्या कागदातच नव्हती असे नाही. आमच्या आरोग्यखात्यांच्या आकृतिबंधातच ती नाहीत. हा लेख त्या हरवलेल्या तीन वर्षांविषयी आहे. तो तुमच्याविषयीही आहे. कारण त्या तीन वर्षांत ती जे शिकली, त्याची सर्वांत अधिक गरज तुमच्या वस्तीला आहे.

कुटुंबवैद्य म्हणजे कोण?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे फॅमिली डॉक्टर म्हणजे ज्याला पुढे शिकता आले नाही असा डॉक्टर, अशी समजूत रूढ झालेली आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि ती आपल्याच हिताच्या मुळावर आलेली आहे.

कुटुंबवैद्यक हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी. एन. बी. ही परीक्षा या विषयात कित्येक वर्षांपासून घेतली जाते. केरळातील कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने याच विषयात एम. डी. सुरू केले. या तीन वर्षांत डॉक्टरला औषधवैद्यक, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, मनोविकार, त्वचा, नेत्र, कान-नाक-घसा आणि अपघात अशा अनेक विभागांत पाळीपाळीने काम करावे लागते. हृदयाचा डॉक्टर हृदय जाणतो. अस्थींचा डॉक्टर अस्थी जाणतो. कुटुंबवैद्याने माणूस जाणावयाचा असतो. आजोबांचा मधुमेह, सुनेचे बाळंतपण, नातवाचा ताप, मुलाचे दारूचे व्यसन आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या पाठीवरील जखम, हे सर्व एकाच उंबरठ्याच्या आत नांदत असते. यांपैकी कोणत्या रोगावर येथेच उपचार करावयाचे आणि कोणता रोगी तासाभरात मोठ्या रुग्णालयात पोहोचवावयाचा, हा निर्णय घेण्याचे ते शास्त्र आहे. हा निर्णय चुकला की गरिबाचे घर विकले जाते, किंवा गरिबाचे माणूस जाते.

श्रीमंताला कुटुंबवैद्य नसला तरी त्याचे अडत नाही. छातीत दुखले की तो थेट हृदयतज्ज्ञाकडे जातो; दुखणे पित्ताचे निघाले तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे जातो. चार दारे ठोठावण्याचा खर्च त्यास पेलतो. तुम्हाला आम्हाला एकच दार परवडते. ते दार योग्य माणसाचे असले पाहिजे.

पाच दारे, आणि एकही सरळ नाही

आता त्या मुलीपुढे कोणते मार्ग आहेत ते पाहू. तिने आमच्यापुढे त्यांचा हिशेब बोटावर मांडला.

पहिला मार्ग सरकारी नोकरीचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होता येते. परंतु तेथे ती जाते ती एम. बी. बी. एस. म्हणून. बहुतेक राज्यांच्या सेवाप्रवेश नियमांत कुटुंबवैद्यकाच्या तज्ज्ञासाठी स्वतंत्र पदच नाही. तालुक्याच्या रुग्णालयात ज्या चार तज्ज्ञांची मोजदाद होते ते शल्यचिकित्सक, भिषक्, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. या चार आसनांत पाचवे आसन कुटुंबवैद्याचे नाही. गंमत अशी की ही चार आसनेही रिकामीच असतात. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत या चार तज्ज्ञांची उणीव गरजेच्या सुमारे चार-पंचमांश होती. जो येत नाही त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवावयाची आणि जी यावयास तयार आहे तिच्यासाठी खुर्चीच करावयाची नाही, असा हा कारभार आहे.

दुसरा मार्ग कंत्राटी नोकरीचा. राष्ट्रीय आरोग्य अभियान व शहरांतील नवे दवाखाने यांतील डॉक्टरांच्या जागा बहुधा कंत्राटी असतात. त्याचा नमुना वर दिलाच आहे. ज्या डॉक्टरने कुटुंबाला वीस वर्षे ओळखावे अशी अपेक्षा, तिची नेमणूक अकरा महिन्यांची!

तिसरा मार्ग मोठ्या खाजगी रुग्णालयाचा. तेथे तिला अपघात विभागात किंवा वॉर्डात रात्रपाळीस उभे करतात. ती रुग्णाला तपासते, कागद लिहिते आणि वरिष्ठ तज्ज्ञाला दूरध्वनी करते. रोगी बरा झाला की तो त्या तज्ज्ञाचा, आणि काही बिघडले की नातेवाईक येतात ते हिच्या अंगावर. शिवाय ज्या संस्थेचे उत्पन्न खाटा भरण्यावर अवलंबून आहे, तेथे खाट लागू नये असे पाहणाऱ्या शास्त्राला कोण मान देणार?

चौथा मार्ग स्वतःच्या दवाखान्याचा. पूर्वीच्या पिढीतील फॅमिली डॉक्टर याच मार्गाने गेले. परंतु त्यांपैकी पुष्कळांच्या पाठीशी वडिलांची जागा होती, मामाचे भांडवल होते, ओळखीचे औषधदुकान होते. आमच्या मुलीच्या पाठीशी शैक्षणिक कर्ज आहे. जागेची अनामत, सहा महिन्यांचे भाडे, उपकरणे आणि रोगी जमेपर्यंतचा घरखर्च तिने कोठून आणावयाचा? जागामालक आधी आडनाव विचारतो आणि मग जागा दिलेली आहे असे सांगतो, हा अनुभव तर तुम्हापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल.

पाचवा मार्ग हा विषयच सोडून देण्याचा. पुन्हा प्रवेशपरीक्षेस बसावयाचे आणि दुसऱ्या शाखेत जावयाचे; किंवा मधुमेह, अतिदक्षता, वेदनाशामक उपचार अशा एखाद्या विषयात छोटा अभ्यासक्रम करून त्या पाटीखाली बसावयाचे; किंवा परदेश गाठावयाचा. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि प्रत्येक नागरिकाचे नाव एका कुटुंबवैद्याच्या यादीवर आले. पुढील काही दशकांत तेथील खाणींच्या व गिरण्यांच्या ज्या भागांत जाण्यास स्थानिक डॉक्टर नाखूश होते, तेथे भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी आयुष्ये काढली. वेल्समधील खाणकामगाराला भारतीय कुटुंबवैद्य मिळाला. विदर्भातील शेतमजूर त्याची वाट पाहत राहिला. दोष त्या डॉक्टरांचा नव्हे. तेथे पद होते, म्हणून ते गेले.

अध्यापनाचा एक सहावा मार्ग असावयास हवा होता. परंतु ज्या वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचा विभागच नाही, तेथे प्राध्यापक कोठून असणार? विद्यार्थी साडेचार वर्षे शिकतो आणि एक वर्ष उमेदवारी करतो. या काळात त्याला शिकविणारे सर्व गुरुजन एकेका अवयवाचे तज्ज्ञ असतात. कुटुंबवैद्य गुरू म्हणून त्याच्या दृष्टीसही पडत नाही. मग त्याने तसे व्हावे अशी इच्छा त्याच्या मनात कोठून उगवावी?

कागदावर सन्मान, तिजोरीत शून्य

हे सर्व अज्ञानामुळे घडले असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला. समाजात राहून समाजाचे आरोग्य सांभाळणारा मूलभूत डॉक्टर तयार करावा, ही त्या अहवालाची मध्यवर्ती कल्पना. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सार्वजनिक आरोग्य आणि कुटुंबवैद्यक या दोन विषयांच्या तज्ज्ञांची गरज स्वतंत्र मथळ्याखाली मांडलेली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने तर या गोष्टीस कायद्याचे बळ दिले. त्याच्या कलम २४ अन्वये पदवी शिक्षण मंडळाने कुटुंबवैद्यकाच्या गरजा ध्यानात घेऊन अभ्यासक्रम घडवावयाचा आहे. आणि कलम २५ अन्वये पदव्युत्तर मंडळाने कुटुंबवैद्यकाच्या अभ्यासक्रमांना चालना द्यावयाची आहे.

आम्ही कायद्याचे विद्यार्थी आहोत, म्हणून सांगतो. कलमात शब्द येणे ही पहिली पायरी. नियमात पद येणे ही दुसरी. अंदाजपत्रकात रक्कम येणे ही तिसरी. पहिल्या पायरीवर उभे राहून टाळ्या वाजविणाऱ्या समाजास तिसरी पायरी कोणी आपण होऊन दाखवीत नाही. आपल्या समाजाने हे इतर अनेक कायद्यांच्या बाबतीत अनुभवलेले आहे.

पैसा कोठे जातो ते पाहा. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचाराचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. या योजनांनी गरिबांचे प्राण वाचविले आहेत. त्यांची निंदा आम्ही करणार नाही. परंतु या योजनांचा पैसा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. दवाखान्यात बसून रक्तदाब तपासून घेतला, औषध लिहून घेतले, तर त्याचा खर्च तुमच्या खिशातून. म्हणजे पक्षाघात झाल्यावर सरकार पैसे देणार. पक्षाघात होऊ नये म्हणून जी डॉक्टर वर्षानुवर्षे रक्तदाब ताब्यात ठेवील, तिला देण्यास या योजनांत तरतूद नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च लोकांनी थेट आपल्या खिशातून केला. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४ टक्के होते. ते घटले हे चांगलेच झाले. पण उरलेला भार सर्वांत जड कोणाच्या खिशाला लागतो, हे रोजंदारीवर जाणाऱ्या माणसास सांगावयास नको.

विसरलेला दाखला

कोणी म्हणतात, प्रत्येक गरीब कुटुंबास सरकारी खर्चाने स्वतःचा डॉक्टर ही परदेशी कल्पना आहे. ती आपल्या देशास झेपणार नाही. अशांना आम्ही एक दाखला देऊ इच्छितो.

१९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले, आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि पुढे ती मुंबईतही आली. मुंबईच्या गिरणगावातील जुन्या माणसांस पॅनेलचा डॉक्टर आठवत असेल. कामगाराने यादीतून आपल्या वस्तीजवळचा डॉक्टर निवडावयाचा, आपले नाव त्याच्याकडे नोंदवावयाचे, आणि त्या डॉक्टरला दरडोई ठरावीक वार्षिक रक्कम मिळावयाची. रोगी जितका निरोगी तितके डॉक्टरचे श्रम कमी. अधिक सुया टोचून अधिक पैसे मिळविण्याचा मोह नाही.

ती योजना निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. रक्कम तुटपुंजी, गर्दी फार, औषधांची वाण, या तक्रारी खऱ्या होत्या. तथापि तत्त्व सिद्ध झाले होते. नाव नोंदविलेले कुटुंब, ओळखीचा डॉक्टर आणि सार्वजनिक निधीतून वेतन, ही व्यवस्था या मातीत उभी राहू शकते. केरळानेही २०१७ पासून आर्द्रम मोहिमेत प्राथमिक आरोग्य केंद्रांचे रूपांतर कुटुंब आरोग्य केंद्रांत करण्यास प्रारंभ केला. डॉक्टरांची संख्या वाढविली आणि दुपारी बंद होणारा बाह्यरुग्ण विभाग सायंकाळपर्यंत उघडा ठेवला. जे गिरणीकामगारास मिळाले होते ते आज घरकाम करणाऱ्या बाईस, कंत्राटी सफाई कामगारास आणि वीटभट्टीवरच्या मजुरास का मिळू नये?

आक्षेपकांस उत्तर

पहिला आक्षेप असा की, खेड्यात डॉक्टर पाठविण्यासाठी बंधपत्राची सक्ती आहेच; मग वेगळी पदे कशाला? बंधपत्र वैध आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे, आणि सरकारी पैशाने शिकलेल्याने समाजाचे देणे फेडावे याविषयी आमचा वाद नाही. परंतु महाराष्ट्रात कित्येक वर्षे एम. बी. बी. एस. झालेल्या डॉक्टरला दहा लाख रुपये दंड भरून सुटका करून घेता येत असे. ज्याच्या बापाकडे दहा लाख होते तो सुटला; ज्याच्या बापाकडे नव्हते तो गेला. शिवाय बंधपत्राने खेड्यास दरवर्षी नवा डॉक्टर मिळतो. त्याचे एक डोळे पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकावर आणि दुसरा घड्याळावर. कुटुंबाची ओळख पटते न पटते तोच त्याची पेटी बांधून तयार. पाहुण्याला कुटुंबवैद्य म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. “तुमचीच मुले शिकून मोठी होतात आणि तुमच्याच वस्तीकडे पाठ फिरवितात; मग दोष कोणाला देता?” हा प्रश्न बाहेरचेही विचारतात आणि आपल्या सभांतूनही विचारला जातो. आम्ही उलट विचारतो. शल्यचिकित्सकाच्या मुलाने आपल्या जन्मगल्लीत कमी पैशावर राहावे, असे त्यास कधी कोणी सांगितले आहे काय? त्याग हा शब्द नेहमी आमच्याच मुलांच्या दारात का येऊन बसतो? ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या प्रथमच पगार आला, त्या घराने तो पगार समाजास अर्पण करावा, आणि ज्या घरात सात पिढ्या पुरेल इतके आहे त्याने मात्र बाजारभावाने जगावे, हा न्याय कोणत्या ग्रंथातला?

आमच्या मुलीला वस्तीत काम करावयाचे आहे. तिने तसे आम्हास स्वच्छ सांगितले. पण ते काम तिने उपकार म्हणून, अर्धपोटी, अकरा महिन्यांच्या चिठ्ठीवर करावे हे आम्हास मान्य नाही. त्यागावर उभी राहिलेली व्यवस्था त्यागी माणूस थकला की कोसळते. पदावर उभी राहिलेली व्यवस्था एक माणूस गेला तरी दुसऱ्यास बोलावून घेते. म्हणून आमची घोषणा, त्याग नको, पद हवे!

तिसरा आक्षेप गुणवत्तेचा. राखीव जागेवरून आलेल्या डॉक्टरच्या हाती आमचे प्राण कसे सोपवावे, असे कुजबुजले जाते. यास दोन उत्तरे आहेत. जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलियो नुन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, स्पर्धापरीक्षेतील गुण म्हणजेच संपूर्ण गुणवत्ता नव्हे, त्या गुणांमागे घरच्या परिस्थितीचे लाभही दडलेले असतात, अशी भूमिका घेतली. हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर २०२३ सालचे आहे. त्या वर्षी पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पात्रतेची पातळी सर्व प्रवर्गांसाठी शून्य शतमकापर्यंत खाली आणण्यात आली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. जे गुणवत्तेच्या नावाने एरवी ऊर बडवितात, त्यांपैकी किती जण त्या दिवशी रस्त्यावर आले? जागा विकत घेता येत असली की गुणवत्ता आठवत नाही. जागा हक्काने मागितली की तीच गुणवत्ता धोक्यात येते.

चौथा आक्षेप बाहेरच्यांचा नव्हे. तो आपल्या घरातला आहे. त्या दिवशी मुलीचे वडील संकोचाने म्हणाले, “साहेब, लोक विचारतात, मुलगी कशाची स्पेशालिस्ट? मी फॅमिली डॉक्टर म्हटले की त्यांचा चेहरा पडतो.” बंधूंनो, तो पडलेला चेहरा तुमचा तर नव्हता ना? बाबासाहेबांनी आपल्यास श्रेणीबद्ध विषमतेचे शास्त्र शिकविले. वरच्याबद्दल आदर आणि खालच्याबद्दल तिरस्कार, अशी ती जिन्याची रचना. त्या जिन्यावरून आपण मोठ्या कष्टाने उतरून सपाट भूमीवर आलो. मग डॉक्टरांचा तसाच जिना बांधून सर्वांत वर मेंदूचा डॉक्टर आणि सर्वांत खाली वस्तीचा डॉक्टर अशी मांडणी आपण का करावी? आपल्या मुलांनी शल्यचिकित्सक व्हावे, हृदयतज्ज्ञ व्हावे. ज्या दालनांची दारे बंद होती ती त्यांनी उघडावीतच. परंतु ज्याने कुटुंबवैद्यक निवडले त्यास हिणवू नये. त्याची पात्रताही तीन वर्षांच्या श्रमाचीच आहे.

काय मागावे, काय करावे

मागणी नेमकी नसली की तिचे आश्वासन होते, आणि आश्वासनाची पुढील निवडणुकीपर्यंत धूळ होते. म्हणून आमच्या मागण्या मोजून सांगतो.

पहिली, प्रत्येक राज्याने आपल्या सेवाप्रवेश नियमांत कुटुंबवैद्यक तज्ज्ञाचे कायम पद निर्माण करावे; त्यास इतर तज्ज्ञांइतकेच वेतन व बढतीचा मार्ग असावा; आणि त्या पदांना घटनेप्रमाणे आरक्षण लागू व्हावे. सपाटीच्या प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण आहे. त्या केंद्राच्या प्रमुखपदी अशी व्यक्ती असावी.

दुसरी, प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कुटुंबवैद्यकाचा स्वतंत्र विभाग असावा.

तिसरी, खेड्यात सेवा केलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पदव्युत्तर शिक्षणात वेगळा प्रवेशमार्ग असावा. असा मार्ग ठेवण्याचा राज्यांस अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये तामिळनाडूच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रकरणात मान्य केले आहे. अधिकार मिळाला, आता त्याचा वापर करा, एवढेच आमचे म्हणणे.

चौथी, आरोग्यविम्याच्या योजनांतून बाह्यरुग्ण उपचारासाठी दरडोई रक्कम नोंदणीकृत कुटुंबवैद्यास मिळावी.

मागणीबरोबर विवेकही हवा. ब्रिटनचाच नवा अनुभव पाहा. २०२४ साली तेथे नव्याने शिकून तयार झालेल्या कुटुंबवैद्यांना नोकऱ्या मिळेनाशा झाल्या. एकीकडे रोगी रांगेत आणि दुसरीकडे डॉक्टर बेकार. तेव्हा तेथील सरकारला एक हजारांहून अधिक डॉक्टरांच्या नेमणुकीसाठी ८ कोटी २० लाख पौंड बाजूस काढावे लागले. यावरून शिकावयाचे ते हे की, नुसत्या अभ्यासक्रमाच्या जागा वाढवून भागत नाही. त्यांच्या पुढे पद आणि पदामागे पैसा असावा लागतो. आपल्या देशात २०१४ पूर्वी एम. बी. बी. एस.च्या जागा सुमारे ५१ हजार होत्या. त्या आता एक लाखाच्या वर गेल्या आहेत. ही मुले उद्या कोणत्या खुर्चीवर बसणार याचा विचार आज झाला नाही, तर अकरा महिन्यांचे कागद तेवढे वाढतील.

आता तुमच्या घरात तुम्हाला करता येण्याजोगे. ज्या कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे त्यांच्या मनात अजून एक भीती असते की, धर्म बदलला, आता मुलांचे प्रवेश अडतील काय? १९९० च्या घटनात्मक आदेश दुरुस्ती कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम राहतो. परंतु कागद वेळेवर हवेत. जातीचे प्रमाणपत्र, केंद्र शासनाच्या नमुन्यातील प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रात २००० च्या कायद्याप्रमाणे जातवैधता प्रमाणपत्र, ही तिन्ही मुलगी बारावीत असतानाच तयार ठेवा. पदव्युत्तर प्रवेशाच्या आठवड्यात कचेरीच्या पायऱ्या झिजवून जागा गमावलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

तरुण डॉक्टरांनी करारपत्र वाचल्याविना सही करू नये. २००६ च्या उमादेवी प्रकरणातील निर्णयानंतर कंत्राटी नोकराने केवळ काही वर्षे काम केले म्हणून त्यास कायम होण्याचा हक्क मिळत नाही. हे कटू आहे, पण ते ठाऊक असावे. तथापि २०१६ च्या जगजित सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तेच काम करणाऱ्या हंगामी नोकरासही समान कामास समान वेतन हे तत्त्व लागू होते, असे ठरविले. म्हणून आपण प्रत्यक्ष कोणते काम करतो, किती करतो, कोणत्या पात्रतेवर करतो, याची लेखी नोंद ठेवावी. जे लिहिलेले नाही ते न्यायालयात घडलेलेच नसते.

आणि तुम्ही सर्वांनी माहिती अधिकाराचा एक अर्ज करावा. आपल्या जिल्ह्यात कुटुंबवैद्यकाची पदव्युत्तर पात्रता असलेल्यांसाठी मंजूर पदे किती, भरलेली किती? उत्तर “शून्य” असे येण्याचा संभव फार आहे. तो शून्यही शिक्क्यानिशी हाती असू द्या. मागणीचा पाया अशाच कागदांवर रचावयाचा असतो.

शेवटी त्या मुलीविषयी. तिचे वडील जाताना म्हणाले, “मग सही करायची की नाही, साहेब?” आम्ही वकील आहोत; उपाशी पोटी लढा असे सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. घरी कर्जाचा हप्ता होता. आम्ही तिला सही करण्यास सांगितले. परंतु सहीबरोबर एक अर्ज द्यावयास लावला. त्यात तिची डी. एन. बी. पात्रता, तिची तारीख आणि ती सेवापुस्तकात नोंदविण्याची विनंती एवढेच लिहिले. दुसऱ्या दिवशी तिने त्या अर्जावर आवक क्रमांक घेतला आणि पोच आम्हास आणून दाखविली. उत्तर अद्याप आलेले नाही.

तिची तीन वर्षे आता निदान एका सरकारी दप्तरात पोहोचली आहेत. तो अर्ज एकटीचा राहू नये, एवढ्यासाठी हा लेख. तुमच्या वस्तीत, तुमच्या नात्यात, तुमच्या विहारात येणाऱ्या मंडळींत असा एखादा डॉक्टर असेल, तर आज त्याच्याकडे जा आणि विचारा, “तुझा अर्ज कोठे आहे?” नसेल, तर त्याच्या शेजारी बसून तो लिहा.